दरवर्षीचा 'मनोबल सर्व्हे' पुन्हा आला आहे. खरं लिहावं का?

विश्वामित्रीकाठ

नमस्कार मंडळी. मी बडोद्याची. समा भागात राहते आणि मंजुसर जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) एका कारखान्याच्या क्वालिटी लॅबमध्ये अकरा वर्षं काम करते आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही. मला वाटतं ही गोष्ट बऱ्याच ठिकाणी अशीच घडत असावी.

सोमवारी एचआरचा मेल आला. कर्मचाऱ्यांचं मनोबल जाणून घेण्यासाठी सर्वेक्षण, ४८ प्रश्न, शेवटी 'तुमच्या शब्दांत लिहा' असा चौकोन. भरायला बारा दिवस. हे चौथं वर्ष.

पहिल्या वर्षी मी तो चौकोन घरी बसून, विचार करून भरला होता. आमची परतीची बस ५:२० ला सुटते. शिफ्ट ५:१५ ला संपते, पण बायकांच्या गेटवर बॅग तपासायला एकच गार्ड बेन असते, त्यामुळे शेवटच्या सात-आठ जणींची बस रोज चुकते. मग त्या हायवेपर्यंत चालत जाऊन शेअर रिक्षा पकडतात. एवढंच लिहिलं होतं. दोन महिन्यांनी 'तुमचा आवाज आम्ही ऐकला' असं पोस्टर लागलं आणि कॅन्टीनशेजारी टेबल टेनिसचं टेबल आलं. ते कोणी मागितलं होतं, मला आजपर्यंत कळलेलं नाही.

दुसऱ्या वर्षी लिहिलं की लॅबच्या मजल्यावर बायकांसाठी स्वच्छतागृह नाही, ॲडमिन बिल्डिंगपर्यंत जावं लागतं. काही झालं नाही.

तिसऱ्या वर्षाची गोष्ट जरा मोठी आहे. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदी ३५ फुटांच्याही वर गेली होती, तेव्हा आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर छातीइतकं पाणी होतं. आईला वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे हलवलं होतं, दोन दिवस वीज नव्हती. गच्चीवर उभी राहून मोबाईलला रेंज मिळाली आणि पहिला मेल उघडला तो कंपनीच्या त्या वेळच्या छोट्या 'पल्स सर्व्हे'चा. 'या आठवड्यात कामाबद्दल तुम्हाला किती उत्साह वाटतो? १ ते ५.' मेल आपोआप सुटतो, कोणी मुद्दाम पाठवला नव्हता, हे मला समजतं. तरी तेव्हा जो राग आला, तेवढा नंतर पगारातून पुराचे तीन दिवस कापले त्याचाही आला नाही. पुढच्या मोठ्या सर्व्हेत हे सगळं लिहिलं. उत्तर नाही.

आता लॅबमध्ये दोन नव्या मुली आल्या आहेत. काल एकीने विचारलं, "बेन, साचुं लखीए?" म्हणजे खरं लिहायचं ना? मला तिला काय सांगावं ते सुचलं नाही. म्हणून इथे विचारते. तुमच्याकडे असे सर्व्हे होतात का? त्यातून कधी काही बदललं का?

सरळसोट

आमच्याकडे सहा वर्षं झाली. मी दुसऱ्या वर्षापासून सगळीकडे ३ टाकतो आणि मोकळा होतो. चौकोन रिकामा.

फिटर नं. ३

ताई, तुम्हाला निदान विचारतात तरी. मी मकरपुऱ्यात एका कारखान्यात कॉन्ट्रॅक्टवर होतो चार वर्षं. शॉपवर आम्ही जवळजवळ निम्मे कॉन्ट्रॅक्टचे. सर्व्हे फक्त कंपनीच्या रोलवर, म्हणजे कायम असलेल्यांना. एकच मशीन, एकच पाळी, एकच घाम. शेजारच्याला सर्व्हे भरायला टॅबलेट मिळायचा आणि त्याला विचारायचे की तुला इथे आपलेपणा वाटतो का. मी बाजूला उभा.

पुढे दुसऱ्या ठिकाणी कायम झालो. तिथे सर्व्हे गुजरातीत करून दिला होता, चांगली गोष्ट. पण भाषांतर मशीनने केलेलं. 'एम्प्लॉयी एंगेजमेंट', म्हणजे कामातली आपुलकी, तिचं झालं 'कर्मचारी सगाई', म्हणजे साखरपुडा. आमच्या पाळीत तीन लग्नाळू पोरं. दिवसभर एकमेकांना विचारत होती, कंपनी कोणाची सगाई जमवतेय म्हणून. एका काकांनी मनापासून लिहिलं, 'माझी १९९४ मध्ये झाली आहे, धन्यवाद.'

दांडियाबाजार

फिटरभाऊ, हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. काकांना नमस्कार सांगा.

इंदुरी पोहे

इंदूरहून लिहितोय. आमच्या ऑफिसात सर्व्हेच्या दिवशी टीम लीड सगळ्यांना पोहे-जलेबी खिलवतो. प्रेमाने. आणि म्हणतो, "भिया, अपनी टीम का स्कोर देख लेना." कारण त्या स्कोअरवर त्याचं वार्षिक मूल्यांकन. मागच्या वर्षी आमच्या टीमचा स्कोअर मजल्यावर सगळ्यात वर होता, आणि त्याच वर्षी आमच्यातली चार माणसं सोडून गेली. वरच्यांना कळेचना की एवढी खूश टीम रिकामी कशी झाली.

लीड वाईट माणूस नाही हो. त्याच्या मुलीच्या शाळेची फी त्या बोनसवर आहे. ज्या आकड्यावर एखाद्याचा पगार टांगला, तो आकडा खरा राहत नाही, एवढंच मला कळलं.

शाईपेन

मी गेली पंधरा वर्षं एचआरमध्ये आहे. आधी हालोल, आता वाघोडिया. असे सर्व्हे मी स्वतः राबवले आहेत, म्हणून आतून कसं चालतं ते सांगते. कोणाची बाजू घ्यायची नाही.

आधी नावाचं. निनावी आणि गोपनीय हे दोन वेगळे शब्द आहेत. प्रत्येकाला वेगळी लिंक येत असेल, तर तुमचं उत्तर कोणाचं आहे हे बाहेरच्या एजन्सीच्या सिस्टीमला माहीत असतं. कंपनीला ते दाखवायचं नाही असा करार असतो. हे झालं गोपनीय. गेटजवळच्या सामाईक मशीनवर कोणीही येऊन भरतो, ते निनावी. मेलमध्ये कोणता शब्द आहे तो नीट वाचा. बहुतेक एजन्सी पाच किंवा दहापेक्षा कमी उत्तरं आलेल्या गटाचा वेगळा निकाल देत नाहीत, तो मोठ्या गटात मिसळतात. पण चौकोनातला मजकूर जसाच्या तसा जातो. 'बायकांच्या गेटवर' असं लिहिलं की लिहिणारी कोण असेल याचा अंदाज कोणीही बांधेल.

मग आकडे. पाचपैकी ४ आणि ५ म्हणजे 'अनुकूल', १ आणि २ 'प्रतिकूल', ३ मधला. अहवालात बहुधा अनुकूलची टक्केवारी तेवढी ठळक असते. सरळसोट, तुमचा ३ त्यात 'नाराज' म्हणून मोजला जात नाही. 'याला काही म्हणायचं नाही' असा तो वाचला जातो.

आणि आता जे कोणी सांगत नाही ते. आमच्याकडे सर्व्हे जानेवारीत व्हायचा. एजन्सीचा अहवाल मार्चच्या मध्यावर. डायरेक्टरांपुढे सादरीकरण एप्रिलमध्ये. पुढच्या वर्षाचं बजेट मात्र फेब्रुवारीतच बंद झालेलं असायचं. म्हणजे ज्याला पैसे लागतात असं काहीही त्या वर्षात होणं शक्यच नव्हतं. मग हातात काय उरतं? वाढदिवसाचा केक, योगासनं, पोस्टर, टेबल टेनिस. मी स्वतः केक मागवले आहेत आणि ते मागवताना मला वाईट वाटलं आहे. तीन वर्षं भांडून सर्व्हे सप्टेंबरमध्ये नेला. त्यानंतर पहिल्यांदा शॉपवर हवा खेळती ठेवणारे मोठे पंखे मंजूर झाले, कारण मागणी बजेटच्या आधी टेबलावर पोचली.

विश्वामित्रीकाठ

शाईपेन, बजेटचं हे मला कोणी कधीच सांगितलं नव्हतं. आमचाही सर्व्हे नेहमी जानेवारीतच. स्वच्छतागृहाचं का झालं नाही ते आता थोडं कळतंय. आणि आमच्या लॅबमध्ये आम्ही पाचच जणी आहोत. म्हणजे एकीने भरला नाही तर आमचा गट मिसळणार?

शाईपेन

मर्यादा पाच असेल तर हो. प्रॉडक्शनच्या दीडशे जणांत मिसळेल आणि स्वच्छतागृहाचा प्रश्न दिसेनासा होईल, कारण तो त्या दीडशेंचा नाहीच. म्हणून न भरण्याचा तोटा छोट्या गटाला जास्त.

मांजलपूरकर

मी दुसऱ्या बाजूचा. एका कारखान्यात प्रॉडक्शन हेड आहे, म्हणजे तुम्ही ज्यांना 'मॅनेजमेंट' म्हणता त्यातला एक. थोडं ऐकून घ्या.

मागच्या वेळी माझ्या प्लांटमधून दोनशेच्या वर टिप्पण्या आल्या. मी सगळ्या वाचल्या, दोन रविवार गेले. सगळ्यात जास्त पगारावर. ते माझ्या हातात नाही, ते मुंबईच्या हेड ऑफिसात ठरतं. त्याखालोखाल कॅन्टीन. निम्मे म्हणतात तेल फार, निम्मे म्हणतात भाजी फिकी. जैन भाऊंना कांदा-लसूण नको, आपल्या मराठी मंडळींना त्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. 'साहेब लक्ष देत नाहीत' अशा वीस-पंचवीस. कोणते साहेब, कशाकडे, कधी? त्याचं मी काय करू?

तरी त्या वर्षी मी तीन कामं केली. पाण्याचा कूलर बदलला, रात्रपाळीला डॉक्टर ऑन-कॉल केला, दिवाळीची सुटी दोन दिवस अलीकडे आणली, म्हणजे बाहेरगावच्यांना रेल्वेचं तिकीट मिळेल. पुढच्या सर्व्हेत 'मागील निकालांवर कारवाई झाली' या प्रश्नाला मला आधीपेक्षाही कमी गुण. मनाला लागलं ते.

सरळसोट

दादा, एक विचारू? कूलर सर्व्हेमुळे आला हे लोकांना सांगितलं होतं का?

मांजलपूरकर

नाही. कूलर डोळ्यांना दिसतो, त्यात सांगायचं काय, असं वाटलं होतं.

फिटर नं. ३

साहेब, शॉपवर कूलर आला की आम्ही समजतो जुना जळला असेल.

दांडियाबाजार

मी बरीच वर्षं कॉमर्सच्या मुलांना व्यवस्थापन शिकवलं, त्यामुळे एक जुनी गोष्ट आठवली. शिकागोजवळच्या हॉथॉर्न इथे वेस्टर्न इलेक्ट्रिकचा टेलिफोनची उपकरणं बनवणारा मोठा कारखाना होता. १९२४ ते १९३२ या काळात तिथे जे अभ्यास झाले ते हार्वर्डचे प्राध्यापक एल्टन मेयो यांच्या नावाशी जोडून जगभर शिकवले जातात. उजेड कमीजास्त करून काम किती होतं ते बघायचा प्रकाशाचा प्रयोग सगळ्यांना माहीत असतो. पण त्यातला मुलाखतींचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. १९२८ ते १९३० मध्ये तिथल्या २० हजारांहून अधिक कामगारांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. आधी ठरलेले प्रश्न विचारायचे, मग लक्षात आलं की लोकांना दुसरंच काही बोलायचं असतं, म्हणून प्रश्न सोडून नुसतं ऐकायला सुरुवात केली. आजच्या सगळ्या सर्व्हेंची ती आजीच म्हणायची.

त्यातला एक किस्सा पाठ्यपुस्तकांत येतो. एका बाईने कॅन्टीनच्या जेवणाबद्दल भरपूर तक्रार केली. काही दिवसांनी ती मुलाखत घेणाऱ्याला भेटली आणि जेवण सुधारल्याबद्दल आभार मानले. जेवणात काहीही बदल केलेला नव्हता.

हा किस्सा 'ऐकून घेण्याची ताकद' म्हणून वर्षानुवर्षं सांगितला जातो, मीही सांगितला. एकदा मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "सर, पण मग त्या बाईच्या ताटात काय पडलं?" त्या दिवसापासून मी तो किस्सा तसा सांगणं सोडलं. मन मोकळं होणं चांगलंच. पण केवळ तेवढ्यावर कोणी काम भागवू लागला, तर तो ताटाकडे कधीच बघणार नाही.

इंदुरी पोहे

ताटावरून आठवलं, बडोद्याच्या कॅन्टीनमध्ये नाश्त्याला काय असतं? पोहेच ना?

फिटर नं. ३

गुरुवारी सेव उसळ. त्या दिवशी कोणी गैरहजर नसतो. मनोबल मोजायचं तर गुरुवारी मोजा.

इंदुरी पोहे

बरोबर पाव, वर तिखट तर्री आणि शेव? चला, बडोद्याला बदली मागतो. (पोह्यांवर आमचा जिरावन मसाला घालतच येईन.)

गालव

ग्वाल्हेर. बँकेत आहे. आमचा सगळ्यांचा एकच प्रश्न, बदली. दर सर्व्हेत तोच लिहितो. बदलीचं धोरण ज्यांच्या हातात, ते सर्व्हे घेणाऱ्यांच्या हातात नाहीत. पण एक सांगतो, मागच्या वर्षी लिहिलं होतं की बदलीचे आदेश शाळेचं वर्ष सुरू व्हायच्या आधी काढा. तेवढं मात्र झालं. माझ्या धाकट्याची शाळा मधेच बदलावी लागली नाही. मोठ्याची दोनदा बदलली होती.

सोनचाफा

माहेर रावपुऱ्यातलं, आता ब्रिटनमध्ये नर्स आहे. इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, २००३ पासून दरवर्षी कर्मचाऱ्यांचं सर्वेक्षण होतं. मला त्यातल्या दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

एक म्हणजे निकाल जाहीर होतात, संस्थेच्या नावासकट. कोणीही वेबसाइटवर जाऊन बघू शकतं. नोकरी बदलायची असली की आम्ही आधी ते उघडतो. वर्तमानपत्रवालेही उघडतात. वरच्यांना त्याचा धाक असतो.

दुसरी म्हणजे प्रश्न थेट असतात. 'मला काळजी वाटणारी गोष्ट मी बोलून दाखवली, तर संस्था त्यावर काही करेल असा मला विश्वास आहे' असं एक विधान असतं, सहमत आहात का सांगा. आणि 'माझ्या नातेवाइकाला उपचार लागले तर इथली सेवा मला समाधानकारक वाटेल का' हेही विचारतात. हा दुसरा प्रश्न वाचला की दर वेळी माझ्या डोळ्यांपुढे आई येते. तिथे गुळमुळीत ३ टाकता येत नाही.

इथेही सगळं सुरळीत आहे असं मुळीच नाही. पण लपवता येत नाही, याने फरक पडतो.

जुना मिस्त्री

उशिरा आलो, नातीने धागा वाचून दाखवला. वय ७१. बडोद्यातच एका मोठ्या कारखान्यात मेंटेनन्समध्ये आयुष्य गेलं. युनियनमध्येही होतो.

तुम्ही सगळे सर्व्हेबद्दल बोलताय, पण कायद्यात याहून जुनी एक जागा आहे ती कोणी काढली नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात वर्क्स कमिटी होती. १०० किंवा जास्त कामगार असतील तिथे सरकार ती बसवायला सांगू शकत होतं, आणि त्यात कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असता कामा नयेत असं होतं. पुढे २०१० च्या दुरुस्तीने २० किंवा जास्त कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती आली. नोव्हेंबर २०२५ पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, तिच्यातही या दोन्ही समित्या आहेत. कागदावर बऱ्याच ठिकाणी असतात. तुमच्याकडे आहे का ते विचारा. सभासद कोण आहेत त्यांची नावं मागा.

आमच्या वर्क्स कमिटीची बैठक महिन्यातून एकदा. जाड बांधणीची वही असायची. डाव्या बाजूला तक्रार: काय, कुठे, कधीपासून. उजवीकडे कोण करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत. खाली दोन्ही बाजूंच्या सह्या. आणि बैठकीचा पहिला विषय कायम एकच, 'मागील बैठकीच्या कामांचा आढावा'. तो संपल्याशिवाय नवीन काही घ्यायचं नाही. मॅनेजर साहेबांना वहीत 'प्रलंबित' हा शब्द सलग तिसऱ्यांदा लिहिताना लाज वाटायची. मी पाहिलं आहे. बॉयलरकडच्या वाटेवर दिवा लावायला पाच महिने लागले, पण लागला.

मुली, तुझ्या सर्व्हेत सगळं असेल, ही वही नाही. त्या ४८ प्रश्नांत मागच्या वर्षाचं पान कुठे आहे?

सरळसोट

काका, +१. हा प्रतिसाद मी छापून ठेवणार.

मांजलपूरकर

मिस्त्रीकाका, तुमची वही डोक्यातून जात नाही. आज मी माझ्या मागच्या वर्षाच्या टिप्पण्या परत काढल्या. ज्यात जागा, वेळ आणि अडचण लिहिली होती त्या बाजूला केल्या. एकतीस निघाल्या. त्यातल्या बारा तर माझ्याच अधिकारात होत्या, कोणाला विचारायचीही गरज नव्हती. मी वर्षभर 'लोक नीट लिहीत नाहीत' म्हणत होतो. बाराजणांनी नीट लिहिलं होतं.

शाईपेन

हे लिहायला धैर्य लागतं. आभार.

विश्वामित्रीकाठ, तुझ्यासाठी एक सूचना. चौकोनात भावना लिहू नये असं मी म्हणणार नाही, पण आधी वस्तुस्थिती लिही. 'बसची व्यवस्था असमाधानकारक' हे वाक्य अहवालात 'वाहतूक' या शीर्षकाखाली विरघळून जातं. '५:२० ची बस, बायकांच्या गेटवर एक गार्ड, रांग ५:२८ पर्यंत' हे विरघळत नाही. आणि एकीनेच लिहिलं तर तुझ्यावर बोट येईल. दहाजणींनी तेच लिहिलं तर येणार नाही.

सरळसोट

एक शंका. दहाजणींनी ठरवून एकच लिहिलं तर 'संगनमत' म्हणणार नाहीत?

जुना मिस्त्री

दहाजणींची बस एकच असते, त्याला संगनमत कसं म्हणतील?

सोनचाफा

काका!! 🙏

विश्वामित्रीकाठ

मंडळी, दहा दिवसांनी आले. तुम्ही एवढं मनापासून लिहिलंत, म्हणून काय झालं ते सांगायलाच हवं.

गेल्या बुधवारी प्लांट हेडची महिन्याची सभा होती. शेवटी 'कोणाला काही विचारायचं आहे?' असं नेहमी म्हणतात आणि नेहमी सगळे चहाकडे बघतात. मी उभी राहिले. हात गार पडले होते. विचारलं, "साहेब, नवीन सर्व्हे भरायच्या आधी मागच्या तीन सर्व्हेंतली कोणती कामं झाली आणि कोणती राहिली, याची यादी मिळेल का?" मिस्त्रीकाका, तुमचंच वाक्य होतं.

साहेब रागावले नाहीत. एचआरकडे वळले. एचआरच्या बेनकडे यादी होती! म्हणजे असते. शनिवारी ती नोटीस बोर्डावर लागली. त्यात काय निघालं बघा.

पुराचं: मागच्या जुलैमध्येच नियम झाला आहे की कलेक्टरांनी सुटी जाहीर केली किंवा रस्ता बंद असला तर पगार कापायचा नाही. परिपत्रक निघालं होतं, इंग्रजीत, मेलवर. शॉपवर कोणाला मेलच नाही. आमच्यातल्याही कोणी शेवटपर्यंत वाचलं नव्हतं. मला आनंद झाला आणि त्याच क्षणी वाईटही वाटलं, कारण वर्षभर मी मुलींना सांगत होते की काही झालं नाही. पण २०२४ चे कापलेले तीन दिवस परत मिळणार नाहीत म्हणाले. ते मला पटलेलं नाही, मी पुन्हा लिहिलं आहे.

स्वच्छतागृह: कोटेशन दोन वर्षांपूर्वीच आलेलं. त्या मजल्यावर ड्रेनेजची लाइन न्यावी लागेल, खर्च मोठा, बजेट संपलेलं, फाइल थांबलेली. शाईपेन, अगदी तुम्ही म्हणालात तसं. आता पुढच्या सर्व्हेची तारीख सप्टेंबरमध्ये न्यावी, असं मीच लेखी दिलं आहे.

बस: हे ऐकून साहेबांनी तिथेच विचारलं, "आठ मिनिटांचा प्रश्न तीन वर्षं?" सोमवारपासून बस ५:३० ला सुटते. रोज बघते, सगळ्या बसतात. लॅबमधल्या मुलीने खिडकीची जागा माझ्यासाठी धरून ठेवली होती.

टेबल टेनिसचंही कळलं. पहिल्या वर्षी 'जेवणाच्या सुटीत बसायला जागा नाही' असं पुष्कळ जणांनी लिहिलं होतं. बाकं हवी होती. कोणीतरी त्याचं 'विरंगुळ्याची सोय' केलं, आणि टेबल आलं. बसता येतं त्यावर, पण गार्ड उठवतो.

दांडियाबाजार

बाकं मागितली आणि टेबल टेनिस आलं. माणसाचं वाक्य शीर्षकाखाली घातलं की असं होतं. ताई, हे मला वर्गात सांगायला हवं होतं.

फिटर नं. ३

ताई, अभिनंदन. पण एक विचारतो, राग मानू नका. त्या ५:३० च्या बसमध्ये कॉन्ट्रॅक्टच्या बायका बसतात का?

विश्वामित्रीकाठ

राग कशाचा. नाही बसत. पास फक्त रोलवरच्यांना. पॅकिंगमध्ये चौदाजणी आहेत कॉन्ट्रॅक्टवर. त्या अजूनही हायवेपर्यंत चालतात. काल बसच्या खिडकीतून त्या दिसल्या आणि तुमचा पहिला प्रतिसाद आठवला. बसमध्ये नऊ जागा रिकाम्या असतात, मी मोजल्या.

त्यांना सर्व्हे येत नाही, म्हणून त्यांचं मी माझ्या चौकोनात लिहिलं: चौदाजणी, नऊ जागा, हायवेवर अंधार किती वाजता पडतो. लॅबच्या पाचहीजणींनी लिहिलं. तक्रार निवारण समितीच्या सभासदांची नावंही मागितली आहेत. एचआर म्हणाल्या, बघून सांगते.

पुढची सभा येत्या बुधवारी आहे.

जुना मिस्त्री

पहिला विषय कोणता, माहीत आहे ना?

विश्वामित्रीकाठ

हो काका. वहीपण घेतली आहे, जाड बांधणीची.

मांजलपूरकर

बुधवारी काय झालं ते नक्की लिहा. माझ्याकडे बाराची यादी उद्या बोर्डावर लागतेय, गुजराती आणि हिंदीत. मशीनकडून भाषांतर केलेलं नाही.